यादीत नसलेले जनुक: ईनॉड४० च्या शोधाचा एक प्रकरण अभ्यास

पुढील प्रकरण एका वनस्पती-जीवशास्त्र गटात घडलेले आहे आणि ते ईनॉड४० या, मुळांवरील गाठी घडण्यात भाग घेणाऱ्या जनुकाविषयी आहे. गट, व्यक्ती आणि अभ्यासलेली वनस्पती ओळखू येईल असा तपशील गाळला आहे. मात्र निर्णय ज्या क्रमाने आणि ज्या कारणांनी घेतले गेले, तो क्रम आणि ती कारणे तशीच ठेवली आहेत. संगणकीय विश्लेषणाची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे पुढे ज्या त्रुटी दिसतील त्यांपैकी निदान दोन माझ्या नावावर जमा आहेत.

पार्श्वभूमी

शिंबावर्गीय (शेंगा धरणाऱ्या) वनस्पती आणि त्यांच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नायट्रोजन स्थिर करणारे रायझोबियम गटातील जिवाणू यांच्या सहजीवनाची सुरुवात रासायनिक संवादाने होते. मूळ फ्लॅव्होनॉइडे ही संयुगे स्रवते, त्यांना प्रतिसाद म्हणून जिवाणू नॉड घटक हा संकेत-रेणू तयार करतो, आणि मुळाच्या पेशीवरील ग्राही प्रथिनांनी तो घटक ओळखला की केंद्रकात व त्याच्या भोवती कॅल्शियमची पातळी एका ठेक्यात वर-खाली होऊ लागते. हा ठेका सीसीएएमके हे प्रथिन ओळखते, ते सायक्लॉप्स या दुसऱ्या प्रथिनाला सक्रिय करते आणि त्यातून निन हे जनुक चालू होते. निन चालू झाल्याशिवाय संसर्गतंतूही (जिवाणूंना आत नेणारी नळी) नीट पुढे सरकत नाही आणि मुळाच्या बाह्यकातील (बाहेरच्या ऊतीतील) पेशी विभागून गाठही धरत नाही. या साखळीतली बहुतेक जनुके शेकडो अमिनो आम्लांची प्रथिने बनवतात, म्हणून नव्या वनस्पतीच्या जिनोममध्ये ती शोधणे तसे सोपे असते. ओळखीचे प्रथिन घ्यायचे, नव्या वनस्पतीच्या जनुक-सूचीशी ताडून पाहायचे, आणि बहुधा काही मिनिटांत उत्तर मिळते.

ईनॉड४० या पंगतीत बसत नाही. १९९३ मध्ये सोयाबीनच्या गाठींतून त्याचे वर्णन झाले. संसर्ग सुरू होताच, गाठ डोळ्यांना दिसण्याच्या बऱ्याच आधी, ते मुळाच्या परिरंभात (मधल्या वाहक ऊतींभोवतीच्या थरात) चालू होते आणि नंतर बाह्यकातल्या विभागणाऱ्या पेशींत दिसू लागते. त्याचा आरएनए साधारण ७०० न्यूक्लिओटाइडांचा (अक्षरांचा) असतो, परंतु त्यात लांब वाचनचौकट, म्हणजे प्रथिनात भाषांतरित होऊ शकणारा सलग पट्टा, नसते. आरंभीच्या टोकाजवळ दहा-तेरा अमिनो आम्लांचे एक इवलेसे पेप्टाइड सांकेतिक स्वरूपात असते, एवढेच काय ते प्रथिनासारखे. त्यामुळे हा आरएनए पेप्टाइडासाठी आहे की स्वतःच्या घडीसाठी (दुमडून मिळणाऱ्या रचनेसाठी), हा वाद सुरुवातीपासून चालत आला आहे. १९९४ मध्ये मेडिकागो या, लसूणघास ज्यात मोडतो त्या, वनस्पती-वंशावर काम करणाऱ्या संशोधकांनी तो भाषांतरित न होणारा आरएनए म्हणून मांडला. २००१ मध्ये लसूणघासाच्या मुळांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की बाह्यकातील पेशींचा प्रतिसाद मिळण्यासाठी छोट्या वाचनचौकटींचे भाषांतरही लागते आणि आरएनएची रचनाही लागते. २००२ मध्ये सोयाबीनच्या ईनॉड४० पासून १२ आणि २४ अमिनो आम्लांची दोन पेप्टाइडे बनतात व ती सुक्रोज सिंथेज या विकराला चिकटतात, असे दाखवले गेले. २००४ मध्ये मेडिकागो ट्रंकाटुलात हाच आरएनए एका आरएनए-बंधक प्रथिनाला केंद्रकातून पेशीद्रवात आणतो, असे आढळले. थोडक्यात, दोन्ही बाजूंना पुरावा आहे आणि आजही एका वाक्यात निकाल लावता येत नाही.

या प्रकरणात निर्णायक ठरलेली माहिती २००३ आणि २००७ सालची आहे. २००३ मध्ये सोयाबीनच्या ईनॉड४० आरएनएची रचना संगणकीय अनुमान आणि रासायनिक-विकरीय चाचणी या दोन्ही मार्गांनी तपासली गेली. त्यात अनेक शिंबावर्गीय प्रजातींत टिकून राहिलेले पाच रचनाखंड दिसले. त्याशिवाय आणखी एक खंड असा निघाला, जो फक्त अनिश्चित वाढीच्या गाठी, म्हणजे टोकाला विभाजी ऊती कायम राखणाऱ्या लांबट गाठी, धरणाऱ्या प्रजातींतच होता. २००७ मध्ये याच रचनांचा आधार घेऊन जिनोम-संग्रहांत शोध घेतला गेला आणि पूर्वी माहीत नसलेल्या अनेक वनस्पतींत ईनॉड४० सापडले. त्या कामातला सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष असा होता की पेप्टाइडापेक्षा आरएनएची रचनाच उत्क्रांतीत जास्त घट्ट टिकून राहिली आहे.

हे दोन्ही निष्कर्ष आमच्या गटातल्या प्रत्येकाने वाचलेले होते, आणि तरीही पुढचे सगळे घडले.

अडचण

गटाने एका कमी अभ्यासलेल्या शिंबावर्गीय प्रजातीच्या जिनोमची जुळणी (वाचलेले छोटे तुकडे जोडून पूर्ण क्रम बनवण्याचे काम) पूर्ण केली होती. या वनस्पतीच्या गाठी गोल, म्हणजे सोयाबीन आणि लोटस जॅपोनिकस यांच्यासारख्या निश्चित वाढीच्या होत्या. जनुकांची सूची स्वयंचलित प्रणालीने तयार झाली होती. एका संशोधक विद्यार्थिनीकडे सहजीवनाशी संबंधित जनुकांचा तक्ता बनवण्याचे काम होते. डावीकडे जनुकाचे नाव, उजवीकडे नव्या प्रजातीत सापडलेल्या प्रतींची संख्या. नॉड घटकाचे ग्राही, सीसीएएमके, सायक्लॉप्स, एनएसपी१, एनएसपी२, निन, लेगहिमोग्लोबिने, असे सगळे रकाने दोन दिवसांत भरले. ईनॉड४० समोर तिने लिहिले: "नाही".

हा शब्द तिने हलगर्जीपणाने लिहिला नव्हता. तिने सोयाबीन आणि मेडिकागो या दोन्हींची पेप्टाइडे घेऊन प्रथिन-सूचीत शोध घेतला, मग संपूर्ण जिनोमच्या सहाही चौकटींतील भाषांतरात (डीएनए प्रथिन म्हणून वाचण्याच्या सहा शक्यतांत) घेतला, आणि ई-मूल्याची (तितकी चांगली जुळणी केवळ योगायोगाने किती वेळा मिळेल याच्या अंदाजाची) मर्यादा इतर सर्व जनुकांसाठी होती तीच, म्हणजे ०.००००१, ठेवली. काही मिळाले नाही. पद्धतीची खातरजमा म्हणून तिने सोयाबीनच्या सूचीत ईनॉड४० आहे का हेही पाहिले आणि ते होते.

मार्गदर्शकांना ही नोंद महत्त्वाची वाटली, आणि तसे वाटण्याला कारण होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक जिनोम-अभ्यासांनी असे दाखवले होते की गाठी धरणाऱ्या वनस्पतींच्या विस्तृत वंशशाखेत ज्या प्रजाती गाठी धरत नाहीत, त्यांपैकी अनेकींनी निन गमावलेले आहे. तेव्हापासून जनुक नसणे हाच एक निष्कर्ष मानला जाऊ लागला होता. आमची वनस्पती तर गाठी धरत होती. म्हणजे ईनॉड४० शिवायही गाठ होऊ शकते, असा दावा हाताशी आला होता. २००६ मध्ये लोटस जॅपोनिकसमध्ये ईनॉड४० दाबल्यावर जिवाणूंचा संसर्ग चालू राहतो पण गाठींच्या अंकुरांची निर्मिती स्पष्टपणे घटते, असे दिसले होते. त्या पार्श्वभूमीवर हा दावा फारच ठळक ठरला असता. शोधनिबंधाच्या कच्च्या आराखड्यात त्याला स्वतंत्र परिच्छेद मिळाला.

मला तो परिच्छेद वाचायला मिळाला तेव्हा माझा पहिला आक्षेप जीवशास्त्राचा नव्हता, अंकगणिताचा होता.

समोर असलेले पर्याय

आमच्यापुढे चार वाटा होत्या आणि प्रत्येकीच्या बाजूने कोणीतरी बोलत होते.

पहिली वाट म्हणजे "आढळले नाही" एवढेच लिहून पुढे जाणे. विद्यार्थिनीच्या कामाची मुदत जवळ आली होती, आणि सौम्य शब्दांत लिहिले की चूक ठरण्याची शक्यता कमी होते, असे मार्गदर्शकांचे मत होते. याला माझा विरोध होता, कारण तक्त्यातला शब्द कितीही सौम्य असला तरी पुढचा वाचक तो "जनुक गमावले आहे" असाच वाचतो. वर्षभरात दुसऱ्या कुणाच्या तक्त्यात तो विधानार्थी होऊन बसतो.

दुसरी वाट ई-मूल्याची मर्यादा सैल करण्याची होती. ती दिसायला सोपी होती, पण नेमकी फसवी होती. बारा अमिनो आम्लांचे पेप्टाइड पूर्णपणे जुळले, एकही अक्षर वेगळे नसले, तरी एवढ्या लहान जुळणीला मिळणारे गुण मर्यादितच असतात. कोट्यवधी अक्षरांच्या जिनोमच्या सहा चौकटींत तितके गुण केवळ योगायोगानेही मिळू शकतात. याचा अर्थ असा की ०.००००१ ही अट खरे ईनॉड४० सुद्धा पार करू शकत नव्हते. मर्यादा सैल केली असती तर खरा उमेदवार आला असता, पण योगायोगाच्या गर्दीतच उभा राहिला असता.

तिसरी वाट शेजारच्या जनुकांवरून जागा शोधण्याची होती. जवळच्या प्रजातींत ईनॉड४० च्या दोन्ही बाजूंना जी जनुके असतात ती नव्या जिनोममध्ये कोठे आहेत हे पाहायचे आणि मधला पट्टा तपासायचा. ही पद्धत विश्वासार्ह आहे, परंतु जिनोमची जुळणी त्या जागी तुटलेली असेल तर ती काहीच सांगत नाही.

चौथी वाट रचनेवरून शोधण्याची होती. आरएनएची अक्षरे ए, यू, जी आणि सी ही चार, आणि त्याच्या घडीत समोरासमोरच्या अक्षरांच्या जोड्या महत्त्वाच्या असतात. एका बाजूला जी आणि समोर सी असेल, तर दुसऱ्या प्रजातीत त्या जागी ए आणि यू येऊ शकतात; दोन्ही अक्षरे बदलली तरी जोडी टिकते आणि घडीही टिकते. अक्षरे ताडणारा साधा शोध याला दोन विसंगती म्हणून गुण कापतो. कोव्हेरियन्स मॉडेल मात्र जोडीने झालेला बदल हा उलट नात्याचा पुरावा मानते. इन्फर्नल ही प्रणाली अशी मॉडेले बनवून जिनोममध्ये शोध घेते. त्यासाठी संगणकाचा वेळ बराच लागतो आणि आधी ओळखीच्या क्रमांची नीट जुळवणी करावी लागते, म्हणून ही वाट सर्वांत महाग होती.

पहिला निर्णयबिंदू: ताळा कशाचा घ्यायचा

या चारांपैकी कोणती वाट धरायची हे ठरवण्यापूर्वी मी विद्यार्थिनीला एकच काम सांगितले: तिने नव्या वनस्पतीवर जो शोध घेतला, तोच शोध, त्याच मर्यादांसह, सोयाबीनच्या जिनोमवर घ्यावा.

"सर, सोयाबीनमध्ये ते आहेच, मी पाहिलंय," असे ती म्हणाली.

ते तिने पाहिले होते, पण नावाने. सोयाबीनचा जिनोम २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ईनॉड४० त्याच्या सतरा वर्षे आधीपासून माहीत होते आणि त्याची नोंद माणसांनी हाताने केलेली होती. सूचीत नाव सापडणे याचा अर्थ आपली पद्धत ते शोधू शकते असा होत नाही. तिने त्याच दिवशी शोध लावला. ०.००००१ च्या मर्यादेत सोयाबीनचे स्वतःचे पेप्टाइड सोयाबीनच्या स्वतःच्या जिनोममध्ये सापडले नाही.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. यानंतर जे काही झाले ते तांत्रिक होते. कच्च्या आराखड्यातला परिच्छेद मात्र याच क्षणी निरर्थक झाला, कारण जी चाळणी खात्रीने असलेली वस्तूही अडवू शकत नाही, तिच्यातून काही मिळाले नाही याला पुराव्याची किंमत राहत नाही. मार्गदर्शकांनी तो परिच्छेद त्या संध्याकाळी स्वतः काढून टाकला.

जनुकांची सूची करणाऱ्या प्रणालीनेही काही वेगळे केले नव्हते. अशा प्रणालींत १०० कोडॉनांपेक्षा (एकेका अमिनो आम्लासाठीच्या तीन-अक्षरी संकेतांपेक्षा) लहान वाचनचौकट असलेले आरएनए प्रथिन-जनुक म्हणून सहसा धरले जात नाहीत, आणि ही मर्यादा निर्हेतुक नाही; ती नसेल तर सूचीत खोट्या जनुकांची झुंबड उडेल. पण ईनॉड४० नेमके त्या मर्यादेखाली राहते. प्रथिन म्हणून ते फार लहान, आणि सर्वपरिचित बिनप्रथिन आरएनएंपैकीही नाही. दोन खात्यांच्या मधल्या फटीत ते पडले होते.

दुसरा निर्णयबिंदू: कोणते मॉडेल

चौथी वाट निवडली गेली आणि येथे माझी पहिली चूक झाली. मॉडेल बनवण्यासाठी मी जे क्रम एकत्र केले त्यांत मेडिकागो, लसूणघास, वाटाणा आणि त्यांच्या जवळच्या प्रजाती जास्त होत्या, कारण त्यांचे पूर्ण लांबीचे आणि नीट तपासलेले क्रम हाताशी होते. या सर्व प्रजाती अनिश्चित वाढीच्या गाठी धरतात. साहजिकच मॉडेलमध्ये तो सहावा, जास्तीचा रचनाखंड अनिवार्य भाग म्हणून बसला. मी शोधही असा लावला की उमेदवाराने मॉडेलशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जुळावे.

निकाल पुन्हा रिकामा आला.

या वेळी मात्र ताळ्याचा धडा ताजा होता. तेच मॉडेल सोयाबीनवर चालवले आणि सोयाबीनचे ईनॉड४० यादीत आले खरे, पण इतक्या कमी गुणांनी की अनोळखी जिनोममध्ये आम्ही ते खात्रीने बाजूला टाकले असते. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. मॉडेल एका संपूर्ण खंडाची वाट पाहत होते, जो गोल गाठींच्या वनस्पतींत नसतोच, आणि त्या अनुपस्थितीचा दंड उरलेल्या पाच खंडांच्या जुळणीला खाऊन टाकत होता. २००३ च्या निष्कर्षात ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली होती. मी ती जीवशास्त्रातली माहिती म्हणून वाचली होती. मॉडेलची अट म्हणून ती वाचायला हवी होती.

दुरुस्ती दोन प्रकारे करता येत होती. निश्चित गाठींच्या प्रजातींचे क्रम घेऊन नवे मॉडेल बनवायचे, किंवा सर्व प्रजातींत समान असलेल्या खंडांचीच छोटी, सुटी मॉडेले करून ती स्वतंत्रपणे शोधायची आणि मग एकमेकांच्या जवळ, योग्य क्रमाने पडलेले निकाल निवडायचे. आम्ही दुसरा मार्ग घेतला, कारण पहिल्यात पुन्हा आमच्या अपेक्षा मॉडेलमध्ये शिरण्याचा धोका होता. छोट्या मॉडेलांची संवेदनक्षमता कमी असते हे खरे, पण दोन-तीन कमकुवत निकाल शे-दोनशे न्यूक्लिओटाइडांच्या आत, बरोबर क्रमाने आणि डीएनएच्या एकाच धाग्यावर आले, तर त्यांचे एकत्रित वजन बरेच वाढते.

असे दोन पट्टे निघाले. पहिल्यात अपेक्षित खंड ओळीने मिळाले. दुसऱ्यात फक्त सुरुवातीचा भाग मिळाला आणि पुढे जिनोम-जुळणीचा तुकडाच संपत होता.

उमेदवाराची तपासणी

पहिला पट्टा घेऊन आम्ही तो कागदावर छापला आणि सोयाबीनच्या क्रमाखाली ठेवून हाताने जोड्या लावल्या. हे काम संगणक करतोच. तरीही ते एकदा हाताने केले पाहिजे असे माझे मत आहे. सर्वांत घट्ट टिकलेल्या घडीच्या दांड्यात, डाव्या बाजूने वर चढताना, एका जागी सोयाबीनमध्ये जी होता आणि आमच्याकडे ए. विद्यार्थिनीने पेन्सिलीने त्यावर गोल केला, उजव्या बाजूने खाली मोजत त्याच पायरीवर आली, आणि तेथे सोयाबीनमधल्या सी ऐवजी यू होता. दोन पायऱ्या सोडून पुन्हा तसेच. घडीतल्या आतल्या लूपमधले यू मात्र जागचे हललेले नव्हते. २००३ च्या कामात अशा यू-युक्त लूपांकडे विशेष लक्ष वेधलेले होते, कारण जेथे जोडी नाही तेथेही अक्षर टिकून राहते, तेव्हा ते दुसऱ्या कशाशी तरी संपर्क ठेवत असण्याची शक्यता असते.

घडीच्या वरच्या अंगाला पेप्टाइडाची छोटी वाचनचौकटही होती. सोयाबीनच्या पेप्टाइडापेक्षा तिच्यात काही अमिनो आम्ले वेगळी होती. म्हणजे पहिल्या शोधात मर्यादा सैल केली असती तरी हा उमेदवार यादीत खूप खाली गेला असता.

त्यानंतर तीन तपासण्या झाल्या. शेजारची जनुके जवळच्या प्रजातींशी जुळली. साध्या न्यूक्लिओटाइड शोधातही, २८ अक्षरांचा सलग तुकडा मागणाऱ्या जलद पद्धतीऐवजी ११ अक्षरांची पद्धत वापरल्यावर, मधला सर्वाधिक टिकलेला भाग मिळाला. हे आम्ही पहिल्याच दिवशी करू शकलो असतो, हे येथेच नोंदवतो. तिसरी तपासणी आरएनएची होती. गटाकडे पक्व गाठींचा आरएनए-क्रम आधीपासून होता आणि त्या पट्ट्यावर योग्य दिशेची वाचने (यंत्राने वाचलेले आरएनएचे तुकडे) स्पष्ट साचलेली होती. ती इतके दिवस कुणाला दिसली नाहीत, कारण वाचनांची मोजणी फक्त सूचीतील जनुकांवर होते, आणि हे सूचीत नव्हते.

रचना कार्य करते का: एक अपुरा प्रयोग

येथे थांबता आले असते. मार्गदर्शकांना मात्र वाटले की जनुक रचनेवरून सापडले आहे, तर ती रचना गाठीसाठी लागते का हेही पाहावे. कल्पना रास्त होती. आराखडा ठरलेला असतो: दांड्याची डावी बाजू बदलून जोड्या मोडायच्या, मग दुसऱ्या बांधणीत (मुद्दाम बनवलेल्या जनुकाच्या रूपात) उजवी बाजूही तशीच बदलून जोड्या परत जुळवायच्या. पहिल्या बदलाने परिणाम नाहीसा झाला आणि दुसऱ्याने परत आला, तर अक्षरे नव्हे, घडी महत्त्वाची, असे म्हणता येते. बांधण्या ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजेनीस हा जिवाणू वापरून, त्याच्या संसर्गाने फुटणाऱ्या केसाळ मुळांत घालायच्या होत्या.

माझी दुसरी चूक येथे झाली. निवडलेली घडी पेप्टाइडाच्या चौकटीबाहेर आहे याची मी खात्री केली, पण बदलामुळे नवीन चौकट तयार होते का हे पाहिले नाही. दांड्यात एका ठिकाणी ए-सी-जी असा क्रम होता; सी-जी जोडीची यू-ए जोडी करताना तेथे ए-यू-जी झाला, म्हणजे भाषांतर सुरू करणारा नवा संकेत. आरएनएची घडी तपासण्यासाठी बनवलेल्या बांधणीत आम्ही नकळत एक नवे पेप्टाइड घातले होते. बांधण्या तयार होऊन आल्यावर विद्यार्थिनीने क्रम तपासताना हे तिच्या लक्षात आले. त्या बाजूला ठेवून दुसऱ्या जोड्या निवडाव्या लागल्या.

सुधारित बांधण्यांचा प्रयोग झाला आणि त्यातून निर्णायक काही निघाले नाही. केसाळ मुळांत प्रत्येक मूळ हे स्वतंत्र रूपांतरणातून येते, त्यामुळे मुळामुळांत फरक मोठा असतो. शिवाय जोड्या मोडलेल्या बांधणीचा आरएनए मुळात कमी प्रमाणात साचत होता. घडी मोडली म्हणून काम थांबले, की घडी मोडल्याने आरएनए लवकर नष्ट झाला आणि म्हणून परिणाम दिसला, हे दोन अर्थ त्या प्रयोगातून वेगळे करता येत नव्हते. त्यावर तीन बैठका झाल्या. मार्गदर्शकांचा कल काही अंशी सकारात्मक निष्कर्ष मांडण्याकडे होता. विद्यार्थिनी आणि मी त्याला तयार नव्हतो. शेवटी प्रयोगाचा तपशील पुरवणीत दिला गेला आणि मुख्य मजकुरात फक्त एवढेच लिहिले गेले की रचना टिकून राहिली आहे.

निष्पत्ती

तक्त्यात ईनॉड४० समोर आता "एक पूर्ण प्रत, एक अपूर्ण" अशी नोंद आहे, आणि तळटिपेत ही जनुके स्वयंचलित सूचीत नव्हती हे सांगितले आहे. सूची दुरुस्त करून पुन्हा सार्वजनिक संग्रहात दिली गेली. "ईनॉड४० शिवाय गाठ" हा दावा कोठेही प्रसिद्ध झाला नाही. विद्यार्थिनीचे काम ठरलेल्या मुदतीनंतर पूर्ण झाले. तिच्या प्रबंधात मूळ रिकामा निकाल, सोयाबीनवरचा फसलेला ताळा आणि सहाव्या खंडाचा घोळ, हे तिन्ही टप्पे तिने क्रमाने लिहिले. परीक्षकांचे बहुतेक प्रश्न त्याच प्रकरणावर आले.

वेगळे काय करता आले असते

ताळ्याची चाचणी पहिल्या दिवशीच व्हायला हवी होती, आणि ती तक्त्यातल्या प्रत्येक जनुकासाठी नव्हे, तर ज्या रकान्यात "नाही" येते त्या प्रत्येकासाठी. ओळखीच्या प्रजातीच्या जिनोममधून सूची बाजूला ठेवायची, फक्त कच्चा क्रम घ्यायचा आणि आपली पद्धत त्यातून ते जनुक काढू शकते का हे पाहायचे. या कामाला दुपार पुरते. "आहे" या नोंदीसाठी इतकी कडक अट लागत नाही, कारण सापडलेली वस्तू पुन्हा तपासता येते.

एकच मर्यादा सर्व जनुकांना लावण्याची सवय समानतेच्या दृष्टीने बरी दिसते, पण हजार अमिनो आम्लांचा ग्राही आणि बारा अमिनो आम्लांचे पेप्टाइड यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे मापच चुकवणे होय. सहजीवनात भाग घेणारे इतरही काही आरएनए याच फटीत पडतात. गाठींच्या संख्येवर नियंत्रण ठेवणाऱ्या व्यवस्थेतला सूक्ष्म-आरएनए २१११, किंवा २०१९ मध्ये समोर आलेले, रायझोबियमच्या टीआरएनएपासून (प्रथिन बनताना अमिनो आम्ले आणून देणाऱ्या आरएनएपासून) तुटून सोयाबीनच्या जनुकांवर परिणाम करणारे तुकडे, यांपैकी काहीही प्रथिनांच्या शोधात दिसणार नाही. आमच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता.

रचनेच्या प्रयोगाबाबत माझे मत आज असे आहे की तो त्या टप्प्यावर करायलाच नको होता. आधी आरएनएची घडी पेशीच्या आत खरोखर तशीच बसते का हे रासायनिक चाचणीने पाहायला हवे होते. डायमिथाइल सल्फेटसारखे द्रव्य जोडी नसलेल्या ए आणि सी वर खूण करते, आणि त्यावरून कोणता भाग मोकळा आहे ते कळते. संगणकाने काढलेली किमान ऊर्जेची घडी ही एक शक्यता असते; ७०० न्यूक्लिओटाइडांच्या आरएनएला जवळपास तितक्याच ऊर्जेच्या अनेक घड्या उपलब्ध असतात. त्यानंतर आरएनए टिकण्याचा वेग मोजून, सारख्या प्रमाणात साचणाऱ्या बांधण्याच पुढे न्यायला हव्या होत्या. मार्गदर्शक याच्याशी पूर्ण सहमत नाहीत. त्यांच्या मते त्या अपुऱ्या प्रयोगामुळेच आरएनएच्या स्थैर्याचा प्रश्न आम्हाला दिसला, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही.

दुसरी, अपूर्ण प्रत अजून तशीच आहे. जुळणीचा तुकडा जेथे संपतो तेथे पुनरावृत्त क्रमांचा मोठा पट्टा सुरू होतो, आणि एका वेळी लांब तुकडे वाचून मिळवलेला नवा क्रम हाती आल्याशिवाय तो ओलांडता येणार नाही. त्या रकान्यात "अपूर्ण" लिहायचे की "अनिर्णित", यावर विद्यार्थिनीने सुचवलेला "अपूर्ण" हाच शब्द आम्ही ठेवला आहे; जो भाग मिळाला आहे तो पाहिलेला आहे, आणि उरलेल्याविषयी तक्ता काहीच म्हणत नाही.